बदकाला पाव तारा

माझं लग्न झालेलं नाही. का, असं कुणी विचारलं तर आई उत्तर देत नाही, फ्रिजचं दार उघडून दाखवते. आत भाजीला जागा नाही. खालच्या कप्प्यात आंबट बिअर, मधल्या कप्प्यात काळी बिअर आणि दारात बुचावर मेण चढवलेल्या त्या बाटल्या, ज्या तीन वर्षं उघडायच्या नाहीत अशी आमच्या मंडळाची शपथ आहे. दूध, दही आणि आईची औषधं अंड्यांच्या खणात दाटीवाटीने दिवस काढतात.

मंडळ म्हणजे इंटरनेटवरचं. छोट्या छोट्या भट्ट्यांमधून निघणाऱ्या बिअर शोधून काढायच्या, प्यायच्या आणि पाचपैकी तारे द्यायचे, एवढं एकच काम करणारे आम्ही अकरा हजार लोक. काम एकच असलं तरी सोवळं फार. एकदा प्यालेली बिअर पुन्हा प्यायची नाही, कारण दुसऱ्यांदा प्यायल्याचे गुण मिळत नाहीत. दुर्मिळ बाटली हाती लागली तर चौदा जणांत वाटायची. मग प्रत्येकाच्या वाट्याला खोकल्याच्या औषधाएवढी येते आणि तेवढ्यावर तो दोन दशांशांपर्यंत तारे मोजून देतो. वर्णनं तर विचारूच नका. ‘जुन्या ग्रंथालयातली धूळ’, ‘ओल्या खोगिराचा दर्प’, ‘शेवटी किंचित पश्चात्ताप’. आमच्यातल्या एकानेही जन्मात कधी खोगिराला नाक लावलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. पण एकाने खोगीर लिहिलं की खालच्या चाळीस जणांना खोगीरच येतं.

मला त्याचं नवल वाटत नाही, कारण दिवसभर मी हेच बघतो. चष्म्याच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून मी डोळे तपासतो. समोर फळ्यावर अक्षरं असतात. शेवटच्या ओळीतलं काही दिसत नसलं तर ‘दिसत नाही’ म्हणावं, बस. पण चांगली शिकलेली माणसंसुद्धा नापास व्हायला नको म्हणून अक्षरं ठोकून देतात. मी त्यांच्यावर मनातल्या मनात हसायचो. दुकान बंद झालं की घरी येऊन मंडळावर ‘चौथा घोट’ या नावाने खोगीर लिहायचो.

मंडळाला एक शत्रू आहे. त्याचं नाव बदक. मोठ्या कारखान्यात निघणारी, लेबलवर बदकाचं चित्र असलेली, कुठल्याही कोपऱ्यावर मिळणारी साधी बिअर. बस दुरुस्त करणारे, ट्रक उतरवणारे, सुतार, रंगारी असे लोक ती पितात आणि तारे न देता घरी जातात. आमच्याकडे नवा सदस्य आला की त्याने पहिलं परीक्षण बदकाचं लिहायचं, असा दंडक आहे. जमेल तितकी बदनामी करायची आणि कमीत कमी, म्हणजे पाव तारा द्यायचा. त्यासाठी बदक प्यायची गरज नसते. उलट प्यायलात असं कळलं तर लोक तुमच्याकडे संशयाने बघतात.

मी दीड वर्षापूर्वी मंडळात आलो तेव्हा असं लिहिलं: “हे बदक पोहत नाही, हे तळाला गेलेलं आहे. फेस दोन सेकंद टिकतो, तोही भीतीने. वास शिजवलेल्या मक्याच्या उरलेल्या पाण्याचा, त्यात कुणीतरी मोजे पिळून गेलंय. चव शोधायला गेलो तर पत्ता चुकला. ज्याने ही बाटली पास केली, त्याचं नाक एखाद्या संग्रहालयात ठेवावं.”

दोन हजार शंभर लोकांना ते आवडलं. मंडळाच्या चालकाने, ज्याला आम्ही पिंपमहाराज म्हणतो, ते बदकाच्या पानावर सगळ्यात वर चिकटवून ठेवलं. अजून तिथेच आहे.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे मी केवढा शहाणा ते कळेल. माझे बाबा त्याच कारखान्यात एकतीस वर्षं चव तपासायला होते. रोज सकाळी नऊ वाजता चाखायच्या खोलीत बसायचं, काचेची झाकणं लावलेले ग्लास एकेक करून उघडायचे, वास घ्यायचा, घोट घ्यायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं. त्यापायी आमच्या घरात एकतीस वर्षं बिनवासाचा साबण होता. सकाळी फोडणी नाही, उदबत्ती नाही, अत्तर नाही. बाबा निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने बाजारातला सगळ्यात घमघमाट मारणारा साबण आणला आणि दोनदा आंघोळ केली.

बदल्यात घराला एक नाक मिळालं होतं. दूध उतरलंय का, गॅस गळतोय का, शेजारच्यांनी रंग नेमका कुठल्या खोलीला लावला, हे सगळं बाबा खुर्चीतून न उठता सांगायचे. आम्ही कुठलीही वस्तू आधी त्यांच्या नाकाखाली धरायचो. मी बिअरच्या नादाला लागलो तेव्हा त्यांना एक-दोन घोट देऊन पाहिले. त्यांनी माझ्या सगळ्यात महागड्या बाटलीचा वास घेतला आणि म्हणाले, “पिंप नीट धुतलेलं नाही.” आमच्या मंडळावर त्याच बिअरला पावणेपाच तारे होते. त्यानंतर मी त्यांना काही दिलं नाही.

मग त्यांच्याच बदकाची तशी टिंगल करताना जीभ चाचरली नाही का? नाही. खरं सांगतो, बाबांचा विचारच डोक्यात आला नाही. मंडळातली बदक वेगळी होती आणि बाबा जिच्यासाठी रोज डबा घेऊन जायचे ती वेगळी. शिवाय बाबांच्या लेखी इंटरनेट म्हणजे विजेचं बिल भरायची खिडकी. ते तिथे काय वाचणार?

एक चूक मात्र मी अशी केली जी मंडळात दुसरं कुणी करूच शकलं नसतं. परीक्षणाच्या फॉर्मात एक रकाना सक्तीचा आहे. बाटलीच्या मानेवर छापलेला क्रमांक त्यात भरावा लागतो, नाहीतर परीक्षण पुढे जात नाही. बदकाच्या वेळी लोक तिथे वाटेल ते लिहितात. तीस फेब्रुवारी, चार चार चार, आजोबांचा फोन नंबर. मी चष्म्याचा माणूस, मला आकडे कसेही भरवत नाहीत. बदकाचा क्रमांक कसा असतो हे मला जेवणाच्या टेबलावरून पाठ होतं. आधी तारीख, मग यंत्राचा आकडा, मग पाळीचं अक्षर. मी भरलं: चौदा, अकरावा महिना, तीन नंबरचं यंत्र, ब पाळी. ब का, तर लहानपणापासून कानावर पडलेलं अक्षर तेच. बाबा ब पाळीचे.

दोन महिन्यांपूर्वी बदकाच्या पानावर एक नवा सदस्य उगवला. नाव ‘निवृत्त चाखणारा’. त्याने बदकाला तारे दिले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. प्रत्येक परीक्षणाखाली एकच मजकूर लिहीत सुटला: “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. कृपया बाटलीच्या मानेवरील क्रमांक तपासून पुन्हा कळवावा, म्हणजे चौकशी करता येईल.” मोज्यांच्या विनोदाखाली दिलगीर, बुडालेल्या बदकाखाली दिलगीर. तीस फेब्रुवारीवाल्याला त्याने नम्रपणे कळवलं होतं की अशी तारीख नसते, कदाचित शाई पुसट झाली असेल.

मंडळ हसून हसून लोळलं. कुणीतरी भन्नाट वात्रट माणूस आलाय, असंच सगळ्यांना वाटलं. पिंपमहाराजांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम नवा विनोदवीर जाहीर केलं. माझ्या परीक्षणाखालीही त्याचा तोच मजकूर आला, तेव्हा मी उत्तर दिलं: “क्रमांक वरच दिलाय, काका. चष्मा लावा.”

तीनशे लोकांना तेही आवडलं.

त्यानंतर घरात काहीतरी बिनसलं, पण मला ते दिसलं नाही. डोळे तपासणाऱ्याच्या घरात असं चालतं. मंगळवारी माझी सुट्टी असते. त्या मंगळवारी सकाळी आईने नेहमीप्रमाणे दुधाचं पातेलं बाबांच्या नाकाखाली धरलं. बाबांनी मान वळवली.

“तूच बघ. मला कळत नाही हल्ली.”

आईने पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. बाबा फिरायला गेल्यावर ती म्हणाली, “दीड महिना झाला. कशाचाच वास घेत नाहीत. गॅस चालू राहिला तरी बोलणार नाहीत. आणि त्या लॅबवाल्या मॅडमना नाही म्हणणार आहेत.”

“कुठल्या मॅडम?”

“कारखान्यातल्या. बाबांच्याच हाताखाली शिकलेल्या. नवीन सहा जण घेतलेत चव तपासायला, त्यांना शिकवायला आठवड्यातून तीन दिवस या म्हणतायत. शुक्रवारी दहा वाजेपर्यंत कळवायचंय. ज्या माणसाला निवृत्त झाल्यापासून घर खायला उठतंय, त्याने उड्या मारत जायला हवं. तर म्हणतात, माझं नाक गेलं, मी पोरांना काय शिकवू.”

“नाक गेलं असं कोण म्हणालं?”

“मला विचारतोस? त्या वहीत बघ. दिवसभर तेच उगाळत बसतात.”

वही खिडकीजवळच्या टेबलावर होती. कारखान्याने दर वर्षी फुकट दिलेल्या वह्यांपैकी एक. पहिल्या पानावर बाबांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, ‘तक्रारी’. खाली रकाने आखलेले. तक्रारदाराचं टोपणनाव, तारीख, दोष, क्रमांक, शेरा. चारशे सत्तावीस नोंदी. जवळपास प्रत्येकीपुढे शेरा होता, ‘क्रमांक जुळत नाही’. चारशे सव्विसांपुढे.

एका नोंदीभोवती लाल चौकट होती. चौथा घोट. दोष: शिजवलेल्या मक्याचा वास. क्रमांक: जुळतो. शेऱ्यात बाबांनी लिहिलं होतं, “निवृत्तीला सोळा दिवस. ब पाळी. सही माझी. त्या आठवड्यात सर्दी होती. सुट्टी घ्यायला हवी होती.” आणि त्याखाली माझं अख्खं परीक्षण उतरवून काढलं होतं, मोज्यांसकट. संग्रहालयातल्या नाकाचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं होतं. त्याच्याही खाली, दुसऱ्या शाईने: “उत्तर आले. चष्मा लावा म्हणतात.”

तो चष्मा मीच बनवून दिला होता. मी त्यांच्याच खुर्चीत बसलो. स्वतःची इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटण्याजोगं मी बरंच केलेलं आहे.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बाबा फिरून आल्यावर दारातच सांगितलं असतं. मी काय केलं? मी पिंपमहाराजांना निरोप पाठवला की माझं परीक्षण काढून टाका. उत्तर आलं: “वेडा आहेस का? तो आपला वारसा आहे.” मी लिहिलं की मी ती बाटली प्यायलोच नव्हतो. उत्तर आलं: “मग? मीही नाही. बदक कोण पितं?” पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

बुधवारी मी दुसरी अक्कल लढवली. नवीन नावाने खातं उघडलं आणि बदकाला साडेचार तारे देऊन टाकले. “चौदा तारखेचीच बाटली प्यायलो. मक्याचा मागमूस नाही, चव अगदी ताजी. पास करणाऱ्याच्या नाकाला सलाम.” संध्याकाळी बाबा वही घेऊन बसलेले दिसले तसा मी सहज म्हणून विचारलं, “काय वाचताय?”

“बदकाबद्दल लोक लिहितात ते. आज एकाने स्तुती केलीये.”

“अरे वा. बघा, म्हणजे माल चांगलाच होता.”

“खोटारडा आहे.” बाबांनी पान उलटलं. “दीड वर्षांपूर्वीची बाटली आज पितोय आणि म्हणे ताजी चव. पुठ्ठ्यासारखी लागली असेल. हा माणूस प्यायलेलाच नाही. कशाला लिहितात हे लोक, कोण जाणे.”

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो.

गुरुवारी दुपारी दुकानातून लवकर निघालो आणि मक्याच्या दाण्यांचा डबा आणला. दुकानात जसं आम्ही एक काच, दुसरी काच करून माणसाला त्याच्याच डोळ्यांची खात्री पटवतो, तसं करायचं ठरवलं. चार ग्लासांत साधी बिअर ओतली, एकात डब्यातलं पाणी मिसळलं, वर बशा झाकल्या आणि ग्लास बाबांपुढे ठेवले.

“हे काय?”

“ओळखा. एकात दोष आहे.”

त्यांना नको होतं. पण एकतीस वर्षांची सवय, समोर झाकलेला ग्लास आला की हात जाणारच. पहिली बशी उचलून त्यांनी नाक आत नेलं, क्षणभर थांबले, ग्लास खाली ठेवला. दुसरा. तिसऱ्याला बशी अर्धीच उचलली आणि म्हणाले, “हा. मका.”

“बघा. नाक शाबूत आहे तुमचं.”

“एवढा मका घातल्यावर भिंतीलासुद्धा कळेल.” त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. “तू आणि तुझी आई मिळून माझी समजूत काढताय, ते कळतं मला. पण त्या दिवशी मका थेंबभर असणार. तोच पकडायचा पगार होता माझा.”

“एका माणसाच्या म्हणण्यावरून तुम्ही...”

“एकच माणूस असतो नेहमी. लाख बाटल्या जातात, एकजण पत्र लिहितो. बाकीचे तोंड वाकडं करतात आणि दुसरी बिअर घेतात. म्हणून त्या एकाचं ऐकायचं असतं.” मग शिकवायच्या सुरात म्हणाले, कारण तो सूर त्यांना सुटत नव्हता, “आमच्याकडे परीक्षा असायची. दहा ग्लास. काहींत दोष घातलेला, काही निर्मळ. दोष असून ज्याला सापडला नाही त्याला पुन्हा शिकवायचं. नाक आहे, तयार होतं. पण निर्मळ ग्लासात ज्याला दोष सापडला, त्याला मी दुसऱ्या दिवशी खोलीत येऊ द्यायचो नाही.”

“का?”

“त्याला वास येत नसतो. त्याला आपण हुशार दिसावं असं वाटत असतं. त्यावर इलाज नाही.”

मी चारही ग्लास उचलून मोरीत ओतले. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, उद्या सकाळी. मी भित्रा आहे, हे इथे लिहून टाकतो म्हणजे पुन्हा सांगायला नको.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोनजवळ बसले. नाही म्हणायचं असलं तरी लॅबला फोन करायचा म्हणजे शर्ट हवा. समोर कागद होता. काय बोलायचं ते त्यांनी लिहून काढलं होतं: ‘प्रकृतीच्या कारणाने’. आई दारात उभी होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की तिला सगळं कळलंय की काय, अशी मला शंका आली. मला दुकानात जायचं होतं, डबा हातात होता.

“बाबा, थांबा. चौथा घोट मी आहे.”

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी वही उघडली, लाल चौकटीवर बोट ठेवलं आणि वर बघितलं.

“हा?”

“हो. मीच लिहिलंय ते.”

आईने पदर तोंडाला लावला. रडायला की हसायला, ते मी अजून विचारलेलं नाही. बाबांनी पेनाचं टोपण काढलं. चौकशी करताना ते कागदाशिवाय बोलत नाहीत.

“बाटली कुठून घेतलीस?”

“घेतली नव्हती.”

“मग कुणी दिली?”

“कुणी नाही. प्यायलोच नव्हतो मी. नवीन सदस्याला बदकाविरुद्ध लिहावं लागतं. सगळेच असं लिहितात, न पिता.”

“मग मका कुठून आला?”

“बिअरमधल्या दोषांचं एक पुस्तक होतं. त्यातला मका बरा वाटला.”

“आणि क्रमांक?”

“फॉर्ममध्ये भरावाच लागतो. मला तुमची पद्धत माहीत होती. तारीख मनाने टाकली. ब पाळी... ब पाळी सवयीने आली.”

ते लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी सगळं पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता भडकणार. भडकले असते तर बरं झालं असतं.

“म्हणजे चौदा तारखेचा माल बरोबर होता,” ते म्हणाले.

“बरोबर असणारच, बाबा. तुम्ही पास केलेला.”

“तुला विचारत नाहीये.” त्यांनी लाल चौकटीवर आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात काहीतरी लिहिलं. मग खुर्चीत मागे टेकले. दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांनी लांब श्वास घेतला, नाकाने, अगदी छातीपर्यंत. “सर्दीतसुद्धा बरोबर होता,” ते आईला म्हणाले. आई म्हणाली, “मी सांगत नव्हते?” तिने तसं काहीच सांगितलं नव्हतं, पण त्या क्षणी तिला कोण अडवणार.

मी सुटलो असं मला वाटलं. बाबांचा चेहरा मोकळा झाला होता, हे माझ्या डोळ्यांनी दिसत होतं. मी डबा खाली ठेवला आणि म्हणालो, “आजच मंडळावर सगळं खरं लिहितो. माफी मागतो. लोकांनी हाकललं तरी चालेल.”

“लिही,” ते म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते फोन लावत होते.

मॅडमनी पहिल्याच घंटीला उचलला असावा. बाबांनी समोरचा कागद उलटा केला आणि ताठ बसले.

“नमस्कार मॅडम. हो, हो. येतो. सोमवारपासून येतो... नाही, तब्येत उत्तम आहे. मागे मी तुमच्याशी मक्याच्या तक्रारीबद्दल बोललो होतो ना? ती खोटी निघाली. बाटली उघडलेलीच नव्हती... हो, पूर्ण चौकशी केली. खात्री आहे.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “तक्रार करणारा ओळखीचा निघाला. हो. असाच एक ओळखीचा. ठीक आहे, सोमवारी नऊ वाजता.”

फोन ठेवून त्यांनी वही मिटली. त्यांनी मला वाचवलं, असं मला वाटलं.

“बाबा,” मी म्हणालो, “माझं नाव घेतलं नाहीत, त्याबद्दल...”

“तू नोकरीला लागल्यापासून त्या खोलीत सगळ्यांना सांगत आलोय की माझा मुलगा डोळे तपासतो, पण खोटा नंबर कधी देत नाही.” त्यांनी कागदाच्या बारीक घड्या घातल्या आणि तो खिशात ठेवला. “आता नाव कुठल्या तोंडाने घेऊ?”